साहेबाला झुडपाचं याड

सातारा खालसा करणारा डलहौसी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्याच १८४८ साली दार्जिलिंगच्या डोंगरात काय शिजत होतं, ते ऐकलंत का? जोसेफ हुकर नावाचा तिशीतला वनस्पतिशास्त्रज्ञ डलहौसीच्याच लवाजम्याबरोबर जहाजाने कलकत्त्याला उतरला, तिथून दार्जिलिंग गाठलं, आणि एक देखणं ऱ्होडोडेंड्रॉन सापडताच त्याला चक्क लाटसाहेबांच्या बायकोचं नाव देऊन मोकळा झाला! फूल सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पांढरं, लांबट, लिलीसारखं. पण झुडपाचे गुण बघा. स्वतःची जमीन म्हणून नाहीच, दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बिऱ्हाड मांडायचं. डलहौसीच्या घराला शोभेलसंच! फक्त त्या झाडाचं रक्त शोषत नाही बिचारं, तेवढ्यापुरतं नावाला जागलं नाही.

एकदा नावं वाटायला बसल्यावर माणूस थांबतो होय? दार्जिलिंगचा सुपरिंटेंडंट कॅम्बेल, त्याच्या बायकोच्या नावाने एक. दोस्त थॉमसनच्या नावाने एक. ज्याच्या बंगल्यात मुक्काम ठोकला, त्या ब्रायन हॉजसनच्या नावाने एक. आता गंमत अशी की या हॉजसनच्या झाडाचं लाकूड डोंगरातली माणसं आधीपासूनच वापरत होती. पेले, चमचे, डाव आणि याकच्या पाठीवरची खोगिरं! हे हुकरनेच लिहून ठेवलंय. यजमानाचा केवढा हा सन्मान!

इकडे हुकर डोंगरात असतानाच तिकडे १८४९ साली त्याच्या सिक्कीमच्या ऱ्होडोडेंड्रॉनवरच्या ग्रंथाचा पहिला भाग छापूनही झाला. संपादक कोण? तीर्थरूप विल्यम हुकर, क्यू बागेचे संचालक. १८६५ मध्ये त्यांच्या खुर्चीत चिरंजीव बसले, आणि १८८५ मध्ये चिरंजीवांच्या खुर्चीत जावई. आणि घराणेशाहीवर तावातावाने बोलायचं आपण!

सिक्कीम दरबाराला ही डोंगर पालथे घालण्याची हौस मुळीच पसंत नव्हती. हुकर तर तिबेटची हद्दही ओलांडून आला. नोव्हेंबर १८४९ मध्ये दिवाणाच्या माणसांनी त्याला आणि कॅम्बेलला अडकवून ठेवलं. कॅम्बेलला तर चोपही बसला. नाताळच्या तोंडावर सुटका झाली. भांडण काही नुसत्या फुलांचं नव्हतं, राजकारण होतंच. पण भुर्दंड कुणाला, तर सिक्कीमला. राजाची तराई कंपनीने घशात घातली.

बिया विलायतेला पोचल्या आणि मग जे खूळ लागलं! कोणी फुलाकडे बघेना, पान उलटं करून बघायचे. काही जातींच्या पानाच्या पाठीवर तांबूस मखमल असते, ती बोटाने चोळून जात ओळखायची, ही म्हणे रसिकता. ससेक्समधल्या सर एडमंड लोडरने १९०१ मध्ये हिमालयातल्या एका जातीचं चीनमधल्या जातीशी लग्न लावलं. त्या संततीला आडनावही स्वतःचंच, ‘लोडेरी’. याच गृहस्थाच्या बागेत कांगारूंचे छोटे भाऊबंद वॉलाबीही बागडायचे, म्हणजे हा काही पहिलाच नाद नव्हे. १९१५ साली, बाहेर महायुद्ध पेटलेलं असताना, इकडे काही सद्गृहस्थांनी ऱ्होडोडेंड्रॉन सोसायटी काढली. वेळ बघा की!

आणि लायोनेल द रॉथ्सचाइल्ड? घरची बँक, पण म्हणायचा, माळीकाम हा माझा धंदा, बँक आपली हौस. ठेवीदारांच्या पोटात गोळा येत नसेल? १९१९ मध्ये हॅम्पशायरमधली एक्सबरी घेतली, रानात मैलोन् मैल पाण्याचे नळ पुरले आणि बाराशेवर संकर केले. त्याचा एक किस्सा सांगतात. शहरातल्या बागप्रेमींपुढे भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, बाग कितीही लहान असो, दोन एकर रान तरी हवंच. समोरच्यांच्या दारात दोन कुंड्या!

पण खरी खमंग गोष्ट जमिनीखालची आहे. ही नाजूक खानदानी कलमं बांधली कशावर, तर पाँटिकम नावाच्या दणकट भावावर. काळ्या समुद्राकडचा आणि स्पेन-पोर्तुगालचा हा गडी. हापूसच्या कलमाखालून रायवळ फुटावा, तसा तो बुंध्यातून फुटला, वरच्या खानदानाला गिळून बसला आणि कुंपण ओलांडून रानात घुसला. शिकारीच्या पाखरांना आडोसा म्हणून जमीनदारांनी तो मुद्दामही लावला होता, ते वेगळंच. पान विषारी, त्यामुळे जनावर तोंड लावत नाही. सावली इतकी दाट की खाली गवताचं पातं उगवत नाही. आता वेल्समध्ये स्नोडनच्या उतारांवर आणि आयर्लंडमध्ये किलार्नीच्या ओकरानात पैसे मोजून तो छाटायचा, बुंध्यात औषध सोडायचं आणि पुन्हा फुटला की पुन्हा छाटायचा. आणि तोडून दमलेला माणूस चहा प्यायला जवळच्या नर्सरीत शिरला, तर तिथे काय मांडलेलं असतं? कळ्यांनी लदलेली ऱ्होडोडेंड्रॉनं, कुंडीला किमतीची चिठ्ठी लावून. घेतोही एखादं, सांगते तुम्हाला!