पाण्यातलं रान

नंदुरबारात आमच्या बापूंचं खता-औषधांचं दुकान आहे. मिरचीत काय मारायचं, कापसात काय मारायचं, पंपाला किती मिली टाकायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. दिवसभर शेतकऱ्यांना तणनाशक विकायचं आणि संध्याकाळी घरी आलं की शर्टही न बदलता काचेच्या टाकीपुढे बसून गवत वाढवायचं, हा त्यांचा कार्यक्रम.

टाकी दोन फुटी. आलेला पाहुणा वाकून बघतो आणि हमखास विचारतो, "मासे कुठायत?" आहेत, आठ-दहा आहेत, पण घरमालकाची परवानगी घेऊन राहिल्यासारखे कोपऱ्यात असतात. बापू म्हणतात, "मासे काय हो, कोणीही पाळतं." त्यांना हवा आहे तो तळभर पसरलेला हिरवागार गालिचा. रोपाचं नाव हेअरग्रास. केसासारखी बारीक पाती, बोटभर उंची, आणि मातीतून आडवे फुटवे काढत पसरायची सवय. म्हणजे पसरावं अशी अपेक्षा. "अजून बसलं नाही. महिनाभर थांबा," हे बापूंचं पेटंट वाक्य. कोणत्याही महिन्यात या, महिनाभरच थांबायचं असतं.

या पंथाचे मूळ पुरुष म्हणजे जपानचे ताकाशी आमानो. फोटोग्राफर होते, टाकीत अख्खी जंगलं उभी करायचे. 2015 साली गेले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांची 40 मीटर लांबीची टाकी खुली झाली. बापूंच्या मोबाइलवर तिचा फोटो आहे. "चाळीस मीटर! सुरत-भुसावळ गाडीचे जवळजवळ दोन डबे!" हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. स्वतःची रोपंही ते त्याच मार्गाने सुरतेहून आणतात. डबा मांडीवर. खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर बघत नाहीत.

पहिला दीड महिना त्या टाकीत पाणीच नव्हतं. नुसती ओली माती, त्यात लांब चिमट्याने खोचलेले चार-चार पात्यांचे पुंजके आणि वर प्लास्टिकचा कागद. ही म्हणे शास्त्रशुद्ध पद्धत: आधी मुळं धरू द्यायची, मग पाणी भरायचं. शेजारचे काका रोज येऊन "बापू, नळ आला नाही का?" असं काळजीने विचारून जात.

पाणी भरल्यावर वायूचं प्रकरण सुरू झालं. पाण्याखालच्या रोपांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. सिलिंडर महाग, म्हणून बापूंनी कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घातलं. बाटली बुडबुडू लागली, नळीतून वायू टाकीत गेला आणि आंबूस वास थेट दिवाणखान्यात. नेमके त्याच दिवशी मुलीला बघायला नवापूरचे पाहुणे आले. गुजरातची हद्द जवळ, मोहाच्या दारूचा मुलूख. पाहुण्यांनी बाटलीकडे एकदा, बापूंकडे एकदा बघितलं आणि चहा न संपवताच उठले. वहिनींनी पुढे आठ दिवस बापूंशी बोलणं टाकलं. बापूंना वाटलं, पाहुण्यांना घाई असावी.

टाकीत काचेची छोटी कुपी टांगलेली असते. ती निळी दिसली तर वायू कमी, हिरवी तर बरोबर, पिवळी तर माशांच्या जिवाला धोका. बापू दुकानातून दुपारी फोन करतात, "कुपी कोणत्या रंगाची?" वहिनी भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातूनच सांगतात, "हिरवी." गेले कित्येक महिने हिरवीच आहे.

मे महिना मात्र कुणाचं ऐकत नाही. बाहेर पारा चाळिसाच्या वर आणि गरम पाण्यात वायू टिकत नाही. पाती पिवळी पडतात, त्यावर शेवाळ चढतं. मग बापू टाकीवर छोटा पंखा लावतात, बर्फाच्या बाटल्या सोडतात, दिव्याचे आठ तासांचे सहा करतात. लाईट गेली की घरची माणसं गच्चीवर जातात. बापू पुठ्ठ्याने टाकीला वारा घालत बसतात. एकदा एका भाचराने वाढदिवसाला गोल्डफिश भेट दिला. त्याने एका रात्रीत निम्मा गालिचा उपटला. बापूंनी भाचराला काही म्हटलं नाही, उलट आइस्क्रीम खिलवलं. हा माणूस असा आहे.

सगळ्यात हैराण झालेत ते त्यांचे वडील, आबा. शहाद्याकडे शेती, उभा जन्म निंदणीत गेलेला. ते खाटेवरून बघतात आणि म्हणतात, "मनी जिंदगी गवत उपटामा गयी, अन् हाऊ पैसा दिसन गवत लावस!" पहिल्याच दिवशी त्यांनी एक पातं चिमटीत धरलं, मुळाशी चुरगाळलं आणि निकाल दिला, "हाऊ ते लव्हाळाच शे." बापू तासभर त्यांना समजावत होते.

मी नंतर पुस्तकात बघितलं. हेअरग्रास हे गवत नाहीच. ते लव्हाळ्याच्याच कुळातलं आहे. हे बापूंना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा, मला पेरणीला खत उधारीवर घ्यायचंय.