रोज रात्री होतो म्हणे

भिंगारमध्ये कुठल्याही दुकानात, ऑफिसात विचारा, "बॅकअप होतो ना?" उत्तर ठरलेलं: "हो तर, रोज रात्री होतो." कुठे होतो, कोणी उघडून बघितलाय का, असं पुढे विचारलं, की नवसाला पावणाऱ्या देवाचा पुरावा मागितल्यासारखे शेठ दुखावतात.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. आमच्याकडे चार कॉम्प्युटर एका स्विचला जोडले आणि त्यातल्या सगळ्यात जुन्याला 'सर्व्हर' म्हटलं, की ऑफिसचं नेटवर्क झालं. बाकीच्यांच्या फाइली रात्री दोन वाजता त्याच्यावर जाऊन पडायच्या, अशी योजना.

पण फाइली जात नाहीत, 'नेटवर्क पाथ' सापडत नाही. याची शिकवलेली कारणं पुष्कळ: राउटरनं आयपी बदलला, शेअर केलेल्या फोल्डरचा पासवर्ड बदलला, फायरवॉल आडवा आला. भिंगारचं पहिलं कारण मात्र कुठल्या पुस्तकात नाही. शेठ घरी जाताना मेन स्विच पाडून जातात.

"अहो शेठ, बॅकअप रात्री दोनला आहे."

"मग? त्याला काय लाइट लागते?"

दुसऱ्या ऑफिसात लाइट असते, पण टॅली रात्रभर उघडी असते. उघडी फाइल कॉपी होत नाही, म्हणून जिच्यासाठी सगळा खटाटोप तीच नेमकी मागे राहते. "सकाळी परत कोण उघडत बसणार?" असं अकाउंटंटचं म्हणणं. तिसरीकडे मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ सांभाळणारा सीमॉस सेल संपलेला. त्यामुळे कॉम्प्युटर रोज सकाळी दहा-बारा वर्षं मागे जातो. बॅकअपला फक्त नव्या तारखेच्या फाइली घ्यायला सांगितलेलं, म्हणून आजचं बिल त्याला जुनं वाटतं आणि तो ते सोडून देतो. इमानदारीनं काम करतो बिचारा.

चौथ्या ठिकाणी 'डिस्क फुल'. उघडून बघतो तर भाच्याच्या लग्नाचं शूटिंग, हळदीपासून पाठवणीपर्यंत.

"शेठ, हे काढू का?"

"काय बोलता! त्याची दुसरी कॉपी नाहीये."

एका शेठांनी तर अहमदनगरच्या किल्ल्याकडे बोट दाखवलं. "1944 साली नेहरूंनी तिथं कैदेत पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. कुठं होता बॅकअप?" म्हटलं, "शेठ, त्या कागदांवर इंग्रजांचा पहारा होता. तुमच्या सर्व्हरवर मांजर झोपतं."

हसू नका, मोठ्यांचीही हीच तऱ्हा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनियरच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. डेटा वाचवायच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. एक बॅकअप तर आवृत्ती जुळत नसल्यामुळे मुळात होतच नव्हता. तसं कळवणाऱ्या ईमेल पोचण्याआधीच परत लावल्या गेल्या होत्या. सहाएक तासांपूर्वी त्याच इंजिनियरनं भलत्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, तिनं अब्रू राखली. दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली. आमच्याकडे शेठ पाठीमागे खुर्ची टाकून बसतात, ते त्याहून अवघड.

दुखणं एकच. बॅकअप झाला की नाही हे सगळे विचारतात, परत येतो का हे कोणी विचारत नाही. परत न येणारा बॅकअप म्हणजे नुसतं विजेचं बिल.

जगात 31 मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात. नेमक्या त्या दिवशी आपल्याकडे वर्षअखेर. अकाउंटंटला जेवायला फुरसत नसते. तेव्हा तुम्ही मुहूर्त बघू नका. आज दुपारी बॅकअपमधून गेल्या वर्षीचा ताळेबंद दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढा आणि उघडून बघा. उघडला तर उत्तम. नाही उघडला तर मला बोलवा, पण फेब्रुवारीच्या आत. मार्चमध्ये मी फोन उचलत नाही.