बघत बसण्याचा पगार

सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली की आपण अंधारात चपला चाचपायला लागतो. नटी किती छान दिसली हे घरी पोचेपर्यंत बोललं जातं. ती तशी दिसावी म्हणून कुणीतरी अर्धा दिवस दिवे पुढे-मागे करत होतं, हे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. छायालेखकाचा धंदाच असा आहे. काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही आणि बिघडलं तर शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं.

या धंद्यात हयात घालवलेला स्वेन निक्विस्ट मला आवडतो, आणि थोडा हेवाही वाटतो, कारण त्याला बघत बसण्याचा पगार मिळायचा. आपल्याकडे माणूस खिडकीशी जरा टेकला की 'काही काम नाही वाटतं?' असं विचारून त्याच्यापुढे लसूण सोलायला ठेवतात. स्वेनपुढे कुणी लसूण ठेवला नाही, म्हणून जागतिक सिनेमाचं भलं झालं.

त्याचा जन्म १९२२ साली स्वीडनमधल्या मोहेडा गावी झाला. आई-वडील बेल्जियन काँगोत मिशनरी, त्यामुळे पोरगा नातेवाइकांकडे वाढला. पुढे जोडी जमली ती इंगमार बर्गमन या दिग्दर्शकाशी, आणि तोही पाद्र्याचाच मुलगा. लहानपणी चर्चमध्ये गप्प बसायची जी सवय लागली असेल, तिचं दोघांनी 'विंटर लाइट' या १९६३ च्या चित्रपटासाठी चीज केलं. गोष्ट एका खेड्यातल्या पाद्र्याची, हिवाळ्यातल्या एका रविवारची, दुपारच्या काही तासांत संपणारी. तर हे दोघे हिवाळ्यात खऱ्याखुऱ्या चर्चमध्ये जाऊन बसले. उजेड कसा सरकतो ते बघत बसायचं आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो काढायचा, एवढंच काम. आभाळ भरलेलं, सावली कुठेच नाही. आपल्यासारख्याला पहिला फोटो आणि दहावा फोटो सारखाच वाटला असता. त्यांना मात्र प्रत्येक वेळी भिंतीचा रंग वेगळा दिसत होता.

मग स्टुडिओत चर्च उभं केलं आणि तिथे तसाच बिनसावलीचा उजेड पाडायचं ठरलं. दिव्याचा झोत नटाच्या तोंडावर न मारता पांढऱ्या पडद्यावर मारायचा, नाहीतर लाकडी चौकटीला ताणलेल्या बटर पेपरमधून गाळून घ्यायचा. या युक्तीचा बोलबाला जगभर स्वीडनच्या नावावर झाला. आपले छायालेखक सुब्रत मित्र यांनी मात्र १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटात बनारसच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत उभारलं तेव्हाच, वर पांढरं कापड ताणून उजेड परतवला होता. तिथे कारण पावसाचं होतं. अंगण उघड्यावर बांधलं असतं तर वाहून जायची भीती. एकाला ढगांनी शिकवलं, दुसऱ्याला ढगांच्या धास्तीनं.

'विंटर लाइट'मध्ये इंग्रिड थुलिन ही नटी कॅमेऱ्याकडे तोंड करून एक पत्र बोलून दाखवते. सुमारे सहा मिनिटं. साधे केस, मागे काही नाही. कॅमेरा हलत नाही. छायालेखकानं त्या दिवशी केलं काय, असं कुणालाही वाटावं. पण तिच्या डोळ्यांकडे बघा. पत्र पुढे सरकतं तसतसे ते कधी विनवतात, कधी टोचतात, आणि त्यातलं काही आपल्या नजरेतून सुटत नाही. आणि मग पाद्र्याचा देवावरचा विश्वास ज्या क्षणी सुटतो, नेमक्या त्याच क्षणी खिडकीतून लख्ख उजेड त्याच्या तोंडावर येतो. इतका वेळ काटकसर केल्यामुळेच ही उधळण परवडते. श्रीमंती दाखवायची तर आधी हात आखडता घ्यावा लागतो, हे आपल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

असा हा वितभर उन्हाच्या देशातला माणूस भारतातही येऊन गेला. दिग्दर्शक कॉनराड रुक्स यांच्या १९७२ च्या 'सिद्धार्थ'चं छायालेखन त्याचं. शशी कपूर, सिमी गरेवाल, ऋषिकेशची गंगा. आपल्याकडे ऊन इतकं की ते आपण पापड-कुरडयांना आणि गाद्यांना वाटून टाकतो. तरी त्याला तेवढ्यानं काही गडबडल्यासारखं झालेलं दिसत नाही. नदीवरचा सोनेरी पिवळेपणा त्यानं बघून घेतलाच.

धीर धरायची त्याची ख्याती होती, तिची खरी परीक्षा दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्कीनं घेतली. १९८६ च्या 'द सॅक्रिफाइस'साठी गोटलँड बेटावर एक घर खास जाळायला बांधलं होतं. एकाच लांबलचक शॉटमध्ये ते आख्खं जळायचं. घर पेटलं आणि कॅमेरा अडकला. जळत्या घराला 'जरा थांब' म्हणता येत नाही. निर्मात्याच्या पोटात काय पेटलं असेल ते वेगळंच. काही दिवसांत घर पुन्हा बांधलं, पुन्हा पेटवलं, आणि या खेपेला दोन कॅमेरे लावले. वास्तुशांतीचा खर्च दोनदा करणारे आपण पाहिलेत, होमाचा खर्च दोनदा करणारे हेच.

बर्गमनच्याच 'क्राइज अँड व्हिस्पर्स'साठी १९७४ साली आणि 'फॅनी अँड अलेक्झांडर'साठी १९८४ साली त्याला ऑस्कर मिळालं. त्या मानानं पुढचा प्रवास गमतीचा. हा माणूस अमेरिकेत दिग्दर्शक वुडी अॅलनकडे गेला आणि १९९३ साली त्यानं चक्क टॉम हँक्सचा 'स्लीपलेस इन सिएटल' टिपला. कुठे देवाचं मौन आणि कुठे रेडिओवरून जुळणारं प्रेम! चोखंदळ मंडळींनी नाकं मुरडली असतील. मला मात्र यात काही उतरण दिसत नाही. वय वाढलं की माणूस सामान वाढवतो, स्वेनचे दिवे मात्र कमी होत गेले. राहिला तो समोरचा चेहरा. चेहऱ्याला कुठे ठाऊक असतं आपण बर्गमनच्या सिनेमात आहोत की टॉम हँक्सच्या? त्याला उजेड तेवढाच लागतो, आणि तो नीट पडला की नाही हे आधी बसून बघणारा कुणीतरी लागतो.