अंतरंग, बहिरंग आणि स्कूटर स्टँड

१ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. फायलींमागोमाग बाबू गेले, बाबूंमागोमाग बायकामुलं, पापडाचे डबे आणि एखादी बाजाची पेटी. ही मंडळी सरकारी क्वार्टरांत शिरली. वस्तीला नाव मिळालं येवल्याच्या तात्या टोप्यांचं. भोपाळकरांनी त्याचं लगोलग टीटी नगर केलं. राजधानी तेव्हा सीहोर जिल्ह्यात होती. तिला स्वतःचा जिल्हा मिळायला १९७२ उजाडलं, म्हणजे क्वार्टर त्या मानाने लवकरच मिळालं म्हणायचं.

अलीकडे स्मार्ट सिटीसाठी जुनी क्वार्टरं पाडली. शेजारी कोलार रोडपासून अयोध्या बायपासपर्यंत पांगले. आता हा मोहल्ला भरतो तो संध्याकाळी, गाण्याला.

भारत भवनात गाणं असलं की टीटी नगरातले काका वेळेच्या अर्धा तास आधी हजर. १३ फेब्रुवारी १९८२ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेली ही वास्तू चार्ल्स कोरियांनी श्यामला हिल्सच्या उतारात अशी काही दडवली आहे, की रस्त्यावरून ती नीट दिसतच नाही. गच्च्या आणि अंगणं ओलांडत खाली उतरायचं. उतरताना प्रत्येकजण रसिक असतो. परत चढताना मात्र फक्त गुडघे बोलतात. अंतरंग हे तिथलं बंदिस्त सभागृह, बहिरंग हा खुला रंगमंच. बहिरंगाच्या पलीकडे मोठा तलाव. त्यावरून वारा आला की गवई पुन्हा तंबोरा जुळवायला घेतो आणि काकांना सुनेबद्दल बोलायला पाच मिनिटं मिळतात.

ध्रुपदात अशी फट सापडत नाही. १९८१पासून भोपाळात ध्रुपद केंद्र आहे. उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर तिथे शिकवत. उज्जैनचे उदय भवाळकर त्याच तालमीतले. डागरांच्या घराण्याचा आलाप षड्जापासून निघतो आणि घाई हा प्रकार त्याला ठाऊकच नाही. काकू म्हणतात, ‘‘अजून गाणं सुरूच नाही झालं, अन् हे वाहवा करून राहिले!’’ नागपूर सुटून इतकी वर्षं झाली, पण काकूंचं ‘करून राहिले’ सुटलेलं नाही. काकांचं मराठी मात्र पार बाटलं. शेजारच्या खुर्चीतल्या खाँसाहेबांना ते ‘को खां’ असंच हटकतात. खाँसाहेब जुन्या शहरातले. तिथे रात्री दुकानांबाहेरच्या पटियांवर बसून गप्पा छाटायची जुनी रीत आहे. त्यामुळे दोघांचं जमतं, गाण्यावर मतभेद असूनही.

रवींद्र भवनातला थाट वेगळा. सरकारी कार्यक्रम, बहुधा फुकट प्रवेश, आणि पहिल्या रांगा पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे दीप लावून निघून गेले की मागच्या रांगा पुढे सरकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत तालात झालेला समूहाविष्कार हाच.

भैरवी संपते आणि खरी बैठक स्कूटर स्टँडवर बसते. कुणाचं पेन्शन अडकलं, कुणाची मुलगी पुण्याला गेली, तबलजी लग्गीत घसरला की नाही, सगळं तिथेच निकाली निघतं. काकू हेल्मेट घालून तयार असतात, काका किल्ली शोधण्याचं नाटक करतात.

सोमवारी भारत भवन बंद. त्या दिवशी काका न्यू मार्केटात कोथिंबीर आणायला जातात आणि दोन तासांनी परततात, तेही कोथिंबीर विसरून.