दादूसची हळद

दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणहून भिवंडीकडे निघालात की खाडीपलीकडे कोन लागतं. नजर जरा वर गेली, तर फलकावरून दादूस हात जोडून पाहत असतो. गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल, खाली शुभेच्छुकांचे फोटो. बिल दादूसच भरतो. आपण शुभेच्छा दिल्याचं शुभेच्छुकांना बहुतेक वेळा तिथून रिक्षाने जातानाच कळतं.

असा दादूस प्रत्येक आगरी गावात एक तरी असतोच. शेतं गोदामांखाली गेली, पैसा आला, पण घरातल्या फरशीचा रंग अजून नाक्यावरच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. ‘दादूसने बैल इकलं’ असं कुणी म्हणू नये म्हणून २०२१ अखेर ती उठेपर्यंत याने जोडी नुसती पोसली. शर्यत सुरू झाली तेव्हा बैलांना पोट सुटलं होतं.

खरी परीक्षा मात्र हळदीची. आमच्याकडे लग्न म्हणजे हळदीनंतर उरलेला कार्यक्रम. थोरल्या पोराच्या हळदीला दादूस स्वतः जेवला नाही. हात धुवायच्या टाकीपाशी उभा राहिला. जेवताना लोक कौतुक करतात, खरं बोलतात ते हात धुताना. तिथे कुणीतरी म्हणालं, “मटनात मीठ जरा कमी व्हता.” एवढ्यावर दादूसने तीन पावसाळे झुरून काढले.

त्याच मांडवात डीजेच्या भिंतीशेजारी धवलारीण आजी धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गात होती. शेजारणीलाही ऐकू जात नव्हतं, पण बाईने एक ओळ गाळली नाही. दादूसने विचारलं, “आये, कोनी आयकत नाय, राग नाय येत?”

“मी देवांना बोलावतंय बाबा. पोरांना कवा बोलावलं?”

हे दादूसला लागलं. धाकट्याच्या वेळी त्याने जाहीर केलं : डीजे नाही, मटण नाही, वरण-भात आणि धवले. लोक काय वाटेल ते बोलोत! आता लोकांना विचारायचं नाही, हे बरोबर ना, असं तो घरोघर विचारून आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. समाजाच्या बैठकीत खर्च कमी करण्यावर माना डोलतातच.

हळदीच्या रात्री मांडव निम्मा रिकामा. शेजारच्या गावात त्याच दिवशी दुसरी हळद होती, मटणाची. आजीचा आवाज मात्र खाडीपर्यंत जात होता. दादूस सवयीने टाकीपाशी उभा. बरं नाही, वाईट नाही, कुणी काहीच बोलेना. शिव्या सोसायची त्याने तयारी केली होती. या शांततेची नव्हती.

मध्यरात्री पोरं दुसऱ्या मांडवातून परतली. दादूसने एकाला बाजूला घेतलं.

“तिकरचा मटन कसा व्हता रं?”

“बरा व्हता. मीठ जरा कमी.”

दादूसने ताट मागवलं आणि वरण-भात दोनदा घेतला.