अहेरीत ऋतुचर्या: बदलून आलेल्यांसाठी पहिला धडा

अभिनंदन. तुमची बदली गडचिरोलीतल्या अहेरीला झाली. निरोप समारंभात पुण्यातल्या सहकाऱ्यांनी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती विसरून जा. त्यांच्या वाट्याला ट्रॅफिक आला, तुमच्या वाट्याला प्राणहिता नदी आली. सागाचं जंगल आहे, सहा ऋतू आहेत, मोबाईलमध्ये ऋतुचर्येचं ॲप आहे. आयुर्वेदाप्रमाणे आहार, विहार आणि योग पाळायला याहून चांगली जागा नाही, असं निदान ॲप बनवणाऱ्याला वाटेल. तो इथे आलेला नाही. खालच्या सूचना मनापासून पाळल्यात तर वर्षभरात तुम्ही तज्ज्ञ व्हाल. तब्येतीचं नंतर बघू.

१. ग्रंथ विकत घ्या, पण जपून उघडा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. चरकसंहितेत हाच विषय सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात. एवढे दोन आकडे पाठ असले की टपरीवरच्या चर्चेत कुणी तुम्हाला हरवू शकत नाही. त्यापुढे वाचाल तर पंचाईत होईल. देश पाहा, काळ पाहा, माणसाचं बळ आणि पचन पाहा, कोरड्या जांगल प्रदेशाचे नियम वेगळे आणि ओल्या आनूप प्रदेशाचे वेगळे, असं ही मंडळी पुन्हा पुन्हा बजावतात. वाग्भट सिंधचा. भामरागडचा पावसाळा त्याने पाहिला नव्हता आणि पाहिल्याचा आवही आणला नाही. आव आणण्याचं काम पुढे ॲपने अंगावर घेतलं. ते सदाशिव पेठेला आणि सिरोंच्याला एकाच सकाळी एकच सूचना पाठवतं. तीच प्रमाण माना.

२. सुरुवात वसंतात करा. या ऋतूत साठलेला कफ वितळतो, म्हणून व्यायाम सांगितला आहे, आणि वनविहारही. तुम्ही पहाटेच उठून निघा. पहाटे जंगलात गर्दी असेल, दचकू नका. मोहाची फुलं रात्री गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बायकापोरं टोपल्या घेऊन आधीच पोचलेली असतात. अस्वलंही असतात. त्यांनाही मोह आवडतो आणि वनविहाराच्या बाबतीत ती तुमच्यापेक्षा नियमित आहेत. दीर्घ श्वास डांबरी रस्त्यापासून लांब जाऊन घ्या, कारण आलापल्लीच्या बाजूला सुरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक धावतात आणि लोह पोटात जावं असं आयुर्वेद म्हणत असला तरी ते भस्म करून.

वसंतातलं मुख्य शोधन म्हणजे वमन, अर्थात उलटी. पंचकर्म केंद्रात यासाठी आठवड्याचं पॅकेज असतं. तुम्ही भरपेट जेवून भामरागडच्या बसमधला शेवटचा बाक धरा. स्नेहन नाही, स्वेदन आपोआप, आणि तिकिटाचे पैसे प्रवासभत्त्यात मिळतात.

३. ग्रीष्मात राजासारखं राहा. व्यायाम वर्ज्य, ऊन वर्ज्य, खारट, आंबट, तिखट वर्ज्य. दुपारी झोपायला मात्र परवानगी आहे. निरोगी माणसाला अधिकृत वामकुक्षीचा वर्षातला हा एकच ऋतू, तेव्हा टेबलावर हजेरीपटाशेजारी ग्रंथाची प्रत उघडी ठेवा.

घराबद्दल वाग्भटाच्या सूचना बारकाईने वाचाव्यात अशा आहेत. उंच शाल आणि ताल वृक्षांनी ऊन अडवलेलं घर हवं. पाण्याची कारंजी असलेलं धारागृह हवं, गार पाणी शिंपडलेले पडदे हवेत. रात्री गच्चीवर चांदण्यात बसून, चंद्र आणि नक्षत्रांनी गार केलेलं म्हशीचं दूध साखर घालून प्यायला हवं. आता तुमच्या क्वार्टरकडे वळू. झाडं आहेत, पण सागाची, आणि साग नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी पानं टाकून मोकळा होतो. कारंज्याच्या जागी कूलर आहे. कूलर आहे म्हणेपर्यंत शिपाई येऊन सांगेल, “साहेब, लाईन गेली.” पारा ४५ च्या पुढे गेला की नक्षत्रंसुद्धा गार करण्याच्या मनःस्थितीत नसतात. तरी दूध गच्चीवर ठेवाच. सकाळपर्यंत त्याचं दही झालं असेल आणि दही ग्रीष्मात निषिद्ध आहे. मांजराला द्या.

व्यायाम वर्ज्य हा नियम उघड मोडणारे लोक तुम्हाला याच दिवसांत भेटतील. मे महिना तेंदूच्या हंगामाचा. अंधारात घर सोडायचं, वाकवाकून पानं तोडायची, ऊन तापायच्या आत गाठोडं डोक्यावर घेऊन परतायचं, मग सावलीला बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. अख्ख्या कुटुंबाची वर्षातली मोठी रोख कमाई याच थोड्या दिवसांची असते. यांना आदानकालात सूर्य शरीराचं बळ शोषतो हे समजावून सांगायला जाऊ नका. त्यांना ते कळलेलं आहे. लांबून एक फोटो काढा आणि खाली लिहा: ‘उत्तानासन, पारंपरिक पद्धत.’

४. २१ जूनला योग करा, नाहीतर गैरहजेरी लागेल. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ ला ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर साजरा होऊ लागला. आता आयुर्वेदाचा हिशेब पाहा. उत्तरायण म्हणजे आदानकाल, दक्षिणायन म्हणजे विसर्गकाल. ग्रीष्म संपून पाऊस सुरू होण्याच्या या सांध्यावर माणसाचं बळ आणि भूक वर्षातली सगळ्यात कमी असते, आणि वर्षा ऋतूत श्रम टाळावेत असं ग्रंथ सांगतात. नेमक्या त्याच सांध्यावर तुम्हाला सकाळी सहाला मैदानात उभं केलं जाईल. विसंगतीवर बोट ठेवू नका, पुढच्या वर्षी आयोजन तुमच्याकडे येईल. ताडासन अशा कोनातून करा की मागचा बॅनर झाकला जाणार नाही. शवासन सगळ्यांना पहिल्या झटक्यात जमतं. त्यातून उठवायला मात्र एक माणूस नेमून ठेवा. उपस्थितांचा आकडा आणि फोटो दुपारपर्यंत वर पाठवायचे असतात. फोटो चढेपर्यंत जो वेळ जातो, त्यात अनुलोम-विलोम करा.

५. वर्षा ऋतूत पायी चालू नका. हे मी सांगत नाही, वाग्भट सांगतो. वाहनाने हिंडावं, नदीचं पाणी पिऊ नये, दमट हवा आणि पावसाचे तुषार पोचणार नाहीत अशा वरच्या मजल्यावर राहावं. तुमच्या क्वार्टरला वरचा मजला नाही आणि छप्पर पाहता नसलेलाच बरा. नदीचं पाणी पिऊ नये हे ठीक, पण नळाला कुठलं पाणी येतं ही चौकशी पावसाळ्यात करू नका. वाहनाचं म्हणाल, तर पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट तुटते. गाडी अलीकडे, तुमचं काम पलीकडे, आणि मधे नाल्यांच्या काठाने गुडघाभर चिखल तुडवत निघालेली आरोग्यसेविका, खांद्यावर लसींचा डबा घेऊन. तिला वर्षाचर्या ठाऊक नाही असं दिसतं. नेमकं त्याच वेळी ॲप कंप पावेल: आज तुमची दहा हजार पावलं पूर्ण झालेली नाहीत.

कपड्यांना धूर द्यावा, ही मात्र बिनखर्चाची सूचना. ग्रंथात धूप सुगंधी आहे, इथे संध्याकाळी दारोदार कडुनिंबाचा पाला जाळतात. उद्देश डास हा आहे. परिणाम शास्त्रोक्तच.

पावसाळ्यात कोंब आणि अळिंबी टाळा, असंही ॲप सांगेल. आणि याच दिवसांत शेजारीण वाटीवर झाकण ठेवून सात्या आणून देईल. वारुळाजवळ उगवणाऱ्या या अळिंब्या थोडेच दिवस मिळतात आणि आठवडी बाजारात त्यांचा भाव मटणाशी स्पर्धा करतो. पाठोपाठ वास्ते येतील, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. दार लावून खा. ॲपला वास येत नाही.

६. ऋतुसंधी विसरू नका. मागच्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि पुढच्याचे पहिले ७ दिवस जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू धरायच्या. वर्षाच्या सहा संधी म्हणजे ८४ दिवस तुम्ही धड कुठल्याच ऋतूत नसता. या ८४ दिवसांत काय खाल्लं, याचा जाब कुणालाही देऊ नका.

७. शरदात रक्त काढून घ्या. पावसात साठलेलं पित्त आता उसळतं, म्हणून विरेचन आणि रक्तमोक्षण सांगितलं आहे. जळवा शोधत फिरायची गरज नाही. थोडी कणकण जाणवली की आशाताईला निरोप द्या. ती बोटाला सुई टोचेल, थेंबभर रक्त किटवर घेईल आणि हिवताप आहे की नाही ते तिथल्या तिथे सांगेल. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. इथे क्षणभर थट्टा बाजूला ठेवा: अंगात हिव भरलं की ‘पित्त खवळलं’ म्हणून काढा उकळत बसू नका, आधी रक्त तपासा. झाली तपासणी? आता पुन्हा तज्ज्ञ व्हा.

शरदातलं पाणी दिवसा सूर्याने तापतं, रात्री चंद्राने निवतं आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष होतं. याला हंसोदक म्हणतात. एक बाटली छपरावर ठेवा. दसऱ्याला अहेरीच्या राजवाड्यावर सगळा परगणा लोटतो, तेव्हा ती पाहुण्यांना दाखवता येईल. पाहुण्यांना प्यायला वेगळं पाणी द्या.

८. हेमंत आणि शिशिर एकत्रच उरका, चर्या जवळपास सारखीच आहे. पचन जोरात असतं, म्हणून मांसरस, तेलतूप, नवं धान्य, अंगाला मालीश आणि कसलेल्या मल्लांशी कुस्ती. यादीत पुढे मद्यही आहे. अडचण अशी की गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली, तेव्हा तिथल्या साधकांना हेमंतचर्या मधली सहा वर्षं खंडित करावी लागली. प्राणहितेपलीकडे तेलंगण आहे, पण नदी ओलांडून केलेल्या ऋतुचर्येला दौरा मंजूर होत नाही. औषधांच्या दुकानात अरिष्टं आणि आसवं मिळतात. त्यांचा खप एकाएकी वाढला, तर गावात वाताचा प्रकोप झाला एवढंच अनुमान काढा आणि गप्प बसा.

९. हिरडा ऑनलाईन मागवा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ऋतुहरीतकी सांगितली आहे. वर्षा ऋतूत हिरडा सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, ग्रीष्मात गुळाबरोबर. एकच फळ आणि सहा जोडीदार, पाळायला सोपं. फक्त आठवडी बाजारात पोत्यात पडलेला हिरडा घेऊ नका. तो याच जंगलात वेचलेला असतो, धूळ लागलेला असतो आणि स्वस्त असतो. त्याला आधी व्यापाऱ्याकडे जाऊ द्या, ट्रकने मोठ्या शहरात जाऊ द्या, तिथे त्याची पूड होऊन ती हिरव्या झाकणाच्या बरणीत भरली जाऊ द्या. मग कुरिअरने अहेरीला परत मागवा. आवळा आणि बेहडाही असेच फिरून आले की त्रिफळा होते. वेचणाऱ्या बाईच्या हातात किलोमागे काय पडलं आणि बरणीवर किंमत काय छापली आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडू नका. रक्तदाब वाढतो, आणि त्यावर ऋतुहरीतकीत तोड सांगितलेली नाही.

१०. आता स्थानिकांना शिकवा. एवढं जमलं की एखाद्या माडिया आदिवासी गावात शिबिर ठेवा. विषय: ऋतूनुसार आहार. झाडाखाली सतरंजी टाका, तक्ता लावा, समोरच्या आंब्याकडे बोट दाखवा आणि विचारा की कैऱ्या लागल्या तरी खात का नाही. मागून एखादी म्हातारी म्हणेल, “पंडुम व्हाचा हाय अजून.” चौकशी केलीत तर कळेल की पंडुम म्हणजे सण, आणि आंब्याचा मरका पंडुम झाल्याशिवाय गावात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. पेरणीच्या बियाण्याचा पंडुम असतो, नव्या धान्याचाही असतो. नवीन जे येईल ते आधी गावाने मिळून देवापुढे ठेवायचं, मग खायचं. फळ धरतं, पिकतं, थोडं झाडावरही राहतं. वहीत ‘अंधश्रद्धा’ असं नोंदवा. मग तक्त्याकडे वळून त्यांना सांगा की ऋतूचं फळ ऋतू आल्यावरच खावं, असं आता जगभर मानतात.

११. वर्ष संपत आलं की बदलीचा अर्ज करा. अवघड क्षेत्रातली सेवा अर्जात ठळक लिहा. पुण्यात उतरल्याबरोबर ‘अरण्यातील ऋतुचर्या: अहेरीचे धडे’ अशी दोन दिवसांची कार्यशाळा जाहीर करा. पत्रकावर तेंदू तोडणाऱ्या बाईचा तो फोटो वापरा. फीमध्ये हिरड्याची एक बरणी धरा. ग्रीष्मातल्या तुकडीसाठी एसी हॉल घ्या आणि त्याचं भाडं ‘धारागृह शुल्क’ या नावाने वेगळं लावा.