सगळ्यांना म्हणे जुनीच हवी!

ऐकलंत का? आमच्या कळंबोलीतल्या भल्याभल्या सरकारी नोकरांना जुनीच हवीय. नवी दारात आणून उभी केली तरी तोंड फिरवतात. बायकोदेखत बोलतात, व्हॉट्सॲपच्या डीपीवर लावतात, शिव शिव! पेन्शनचं म्हणतेय हो मी.

आमच्या सोसायटीत हल्ली 'जॉइनिंग कधीचं?' एवढंच विचारतात. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी चिकटलेला तो सोवळ्यातला: शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, पदरचा रुपया न घालता. नंतरच्याच्या पगारातून दहा टक्के कापून जातात, पुढचं बाजाराच्या मर्जीवर. एकाच मजल्यावरचे दोन गुरुजी, एक जूनमध्ये लागला, दुसरा डिसेंबरात. जूनवाल्याची बायको समोर विरजण मागायला जाते तीसुद्धा केवढ्या ऐटीत!

मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या घालून डिसेंबरवाले संपावर गेले. सातव्या दिवशी समितीचं गाजर घेऊन परत आले. मग 4 जानेवारी 2024 ला मंत्रिमंडळ म्हणालं, भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची असेल, तर नंतर लागलेल्यालाही जुनी. झालं! जुन्या जाहिराती शोधायला माळे उपसले. खालच्या मजल्यावर पितळी डब्यांखालचे कागद ओढले, तर त्यात नेमका तो पेपर. तारीख स्वच्छ, पण जाहिरातीवर तेलाचा हा एवढा डाग. 'पदे भरणे आहे' तेवढं वाचता येतं, कोणती ते नाही. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात.

पण खरी भानगड पक्षांची. केंद्रात नवी आणली वाजपेयींच्या सरकारने, 2004 च्या जानेवारीत. राज्यात आणली ती विलासरावांच्या काँग्रेस-राष्ट्रवादीने. म्हणजे दोन्हीकडचे वऱ्हाडी मांडवात हजर होते, आणि आता विचारावं तर लग्न कोणी पाहिलंच नाही! डिसेंबर 2022 मध्ये फडणवीस नागपूरच्या अधिवेशनात म्हणाले, जुनी देणार नाही, 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. महिन्याभरात शिक्षक मतदारसंघांची निवडणूक आली, आणि भाषा केवढी मऊ झाली! नागपुरात भाजपच्या पाठिंब्याचे गाणार पडले, ते जुनीमुळेच म्हणतात. मग आपले पनवेलचे शेकापवाले बाळाराम पाटील कोकणात कशामुळे पडले? तिथे तर भाजपचे म्हात्रे आले. यावर आमच्या कट्ट्यावर दोन चहा झाले, निकाल नाही.

पुढे 24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने 'युनिफाइड' काढली, आणि दुसऱ्या दिवशी आपलं राज्य होकार देऊन मोकळं. विधानसभा तोंडावर होती ना! पंचवीस वर्षं नोकरी केली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी मिळेल, पण दहा टक्के कापणं चालूच. डिसेंबरवाले म्हणतात, ही जुनीचं लुगडं नेसलेली नवीच.

आणि माजी आमदार? एकदा निवडून आले की महिना 50 हजार, पाचाच्या वर प्रत्येक वर्षाला 2 हजार जास्त. त्यांचं जॉइनिंग कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

कळस मात्र परवा झाला. रोडपालीच्या एका माऊलीने वधू-वर मंडळात अटच घातली, जावई जुन्या पेन्शनचाच हवा. मंडळवाल्याने इमानेइतबारे शोधून एक आणलाही, सेहेचाळिशीचा, केस नुकतेच रंगवलेला. पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, एकदा बघितलं, आणि आत जाऊन आईला म्हणाली, "पेन्शन जुनी चालेल गं, नवरा नको."